दोन डोळ्यांचा फोटो

बालाघाटच्या स्टेशन रोडवर तेजरामचा फोटो स्टुडिओ होता. पुढे दुकान, मागे फिल्म धुण्याची काळोखी खोली आणि तिच्याही मागे दोन खोल्यांचं घर. लग्नाचे फोटो, शाळेच्या फॉर्मवर लावायचे फोटो, कोणी नवी सायकल घेतली की सायकलीला हात लावून काढलेले फोटो, असं सगळं मिळून त्याचं बरं चाललं होतं. माणूस हाताचा साफ, पण तोंडाचा तापट. फोटोत नाक वाकडं आलं म्हणून कोणी कुरकुरलं, तर "नाकच वाकडं हाय बापा तुझं, मी का करू?" असं तोंडावर सांगायचा. अशा वेळी त्याची बायको विमलाबाई आतून चहा घेऊन यायची आणि तुटायला आलेलं गिऱ्हाईक राखायची.

चौसष्ट सालच्या हिवाळ्यात उकव्याच्या एका मँगनीज खाणीवर नवं यंत्र आलं आणि त्याचा फोटो काढायला तेजरामला बोलावणं आलं. काम आटोपून तो साहेबाच्या बंगल्याच्या व्हरांड्यात बसची वाट पाहत बसला होता. जुना साहेब कधीचाच विलायतेला गेला होता आणि नवा यायचा होता, म्हणून महागू नावाचा चौकीदार कपाटं रिकामी करत होता. त्यानं एक लाकडी वस्तू तेजरामपुढे धरली. दोन भिंगं, खाली मूठ, पुढे लांब पट्टी.

"पाहा बरं भाऊ, तुमच्याच धंद्याचं दिसते."

सोबत जाड पुठ्ठ्याची काही चित्रं होती. एकेका पुठ्ठ्यावर तोच फोटो दोनदा चिकटवलेला. तेजरामला हसू आलं. साहेबाला एकानं भागत नव्हतं वाटतं! त्यानं एक पुठ्ठा पट्टीवर अडकवला, त्या दुर्बिणीसारख्या वस्तूला डोळे लावले, आणि त्याचं हसू तिथंच थांबलं.

कुठल्याशा परमुलखातला रस्ता होता. पुढे घोडा, त्याच्या मागे दिव्याचा खांब, खांबाच्या मागे छत्री घेतलेली बाई. मागे म्हणजे खरंच मागे. घोडा आणि खांब यांच्यामध्ये मोकळी जागा होती, तिच्यातून माणूस चालत गेला असता. घोड्याच्या पलीकडे काय आहे ते पाहायला तेजरामनं मान वाकडी केली, आणि मग स्वतःच खजील झाला.

"घेऊन जा," महागू म्हणाला. "नाहीतर चुलीतच जाईल ते."

परतीच्या बसमध्ये तेजराम दोन्ही फोटो शेजारी धरून पाहत राहिला. ते सारखे नव्हतेच. एकात खांब घोड्याच्या कानाला चिकटला होता, दुसऱ्यात दोघांमध्ये बोटभर अंतर होतं. त्यानं ड्रायव्हरच्या डोक्याकडे पाहत आधी एक डोळा मिटला, मग दुसरा. डोकं समोरच्या झाडापुढून जरासं सरकलं. पुन्हा मिटला, पुन्हा सरकलं. आपले दोन डोळे दोन जागी आहेत, ते दोन वेगळी चित्रं पाहतात, आणि त्यांचा मेळ बसला की जग भरीव दिसतं. एवढी सोपी गोष्ट, आणि आपण इतकी वर्षं एका डोळ्यानं फोटो काढत बसलो! पलीकडच्या बाकावर टोपल्या घेऊन बसलेल्या बाईला वाटलं, हा आपल्याला डोळा मारतो. तिनं टोपल्या उचलल्या आणि मागे जाऊन बसली. तेजरामला त्याचा पत्ताच नव्हता.

घरी आल्या आल्या त्यानं विमलाबाईला दुर्बीण दाखवली.

"अगाई," ती म्हणाली, "ही बाई तं येते का आता बाहेर!"

"असे आपले फोटो काढतो मी. गुजरीचा बाजार, वैनगंगा, तू. सगळे."

"मले आधी राहू द्या. बाजाराचाच काढा."

तर असे फोटो काढायचे कशानं, हा प्रश्न आला, आणि इथूनच तेजरामच्या डोक्याला भुंगा लागला.

पहिला विचार सरळ होता. दोन डोळे म्हणजे दोन कॅमेरे. त्यानं दोन साधे डबा कॅमेरे आणले, एकाच बनावटीचे, एकाच दुकानातून. ते शेजारी ठेवले तर भिंगांमध्ये वीतभर अंतर पडत होतं, म्हणून एक सुलटा आणि एक उलटा असे फळीवर कसून बसवले. दोन्ही खटके एकदम दाबायला वर पितळेची पट्टी लावली. समोर बसवायला माणूस हवा होता. शेजारच्या गाळ्यातला सुखराम शिंपी हाक मारल्याबरोबर आला. तो केव्हाही यायचा. हातातला पायजमा अर्धा सोडून यायचा आणि त्याची बायको मैनाबाई काजं करता करता ओरडायची, "गिऱ्हाईक आलं तं का सांगू? नवरा मॉडेल झाला म्हणून सांगू?"

फोटो धुतले, पुठ्ठ्यावर लावले, दुर्बिणीत घातले. तेजरामचं डोकं गरगरलं. दोन कॅमेरे एका साच्यातले खरे, पण एकाचं भिंग जरासं अधिक मोठं दाखवत होतं. एका डोळ्यातला सुखराम दुसऱ्या डोळ्यातल्या सुखरामपेक्षा केसभर उंच. शिवाय खटके एकदम पडत नव्हते. एकाच्या कमानीचा, म्हणजे स्प्रिंगचा, ताण जास्त, तो आधी मिटायचा. सुखराम बोलत होता, आणि तो तर सदा बोलतच असायचा. त्याचं तोंड एका फोटोत उघडं, दुसऱ्यात बंद.

तेजरामनं कमान सैल केली. मग दुसरा खटका आधी पडायला लागला. त्यानं कमान आवळली, पट्टी घासली, पट्टीखाली पुठ्ठ्याचा तुकडा घातला. महिनाभर तो हेच करत होता. दुकानात नवरा-नवरी सजून बसलेले, आणि हा काळोख्या खोलीत कमानीशी झगडतोय. शेवटी एक खटका जो अडकला तो अडकलाच. तेजरामनं फळी कोपऱ्यात फेकली, आणि आवाजानं दचकलेली नवरी फोटोतही तशीच दचकलेली आली.

मग तो छोट्या गाडीनं गोंदियाला आणि तिथून नागपूरला गेला. सीताबर्डीवर कॅमेऱ्यांचा एक म्हातारा दुकानदार होता. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"दोन भिंगांचा तयार कॅमेरा असतो की," तो म्हणाला. "पण परदेशातून आणणं सरकारनं बंद केलंय. परवाना लागतो. तो तुम्हाला मिळणार नाही आणि मलाही मिळणार नाही."

"जुना? कोणाचा विकाले आलेला?"

दुकानदारानं काउंटरखालून एक डबी काढली. आत काळ्या कातड्याचा चपटा कॅमेरा होता, घुबडासारखे दोन डोळे पुढे काढून बसलेला. तेजरामनं तो हातात घेतला. दोन्ही खटके एकाच पात्यावर. टक् करून एकच आवाज झाला. इतके दिवस तो त्या एका आवाजासाठी मरत होता.

मग त्यानं भिंगं उजेडासमोर धरली. डावं लख्ख होतं. उजव्यात कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी बुरशी पसरली होती.

"साफ नाही होत का?"

"उघडलं तर परत बसायचं नाही. आणि बसलं तरी यात काचेच्या प्लेटा लागतात. या मापाच्या आता कोणी करत नाही."

"मंग काहून ठेवलं?" तेजराम जवळजवळ भांडायलाच उठला.

"फेकवत नाही म्हणून," दुकानदार म्हणाला.

 तेजरामनं पुन्हा एकदा खटका दाबून आवाज ऐकला आणि डबी परत दिली. निघताना दुकानदारानंच आणखी एक वाट दाखवली. एकाच कॅमेऱ्याच्या पुढे चार आरसे तिरपे लावायचे. दोन बाजूंचं दृश्य एकाच फिल्मवर अर्धं अर्धं पडतं. एकच भिंग, एकच खटका, भांडणच मिटलं. "मी स्वतः पाहिलेला नाही," तो म्हणाला, "पण पुस्तकात आहे."

झालं! येता येता गोंदियाच्या बाजारातून चांगले जाड आरसे आणले, टिनवाल्याकडून पेटी करून घेतली. आरशांचे कोन जमवण्यात होळी आली. सुखरामला पुन्हा बसवलं. या वेळी दोन्ही फोटो एका क्षणाचे होते, एका मापाचे होते. फक्त विमलाबाईनं दुर्बिणीतून पाहून विचारलं, "सुखरामभाऊले चार कान काहून?"

आरशाची चांदी काचेच्या पाठीमागे असते. उजेड तिच्यावरून परततो, आणि थोडा काचेच्या वरच्या अंगावरूनही परततो. म्हणून प्रत्येक वस्तूला एक फिकी जुळी बहीण चिकटली होती. वरच्या अंगाला चांदी लावलेले आरसे हवे होते. ते कुठं मिळतात याची चौकशी केल्यावर उत्तर आलं, परदेशात.

"मले तं चार कानाचा फोटू आवडला," सुखराम म्हणाला. "गिऱ्हाईकाचं माप चुकलं तं दाखवीन, का बापा, मी सगळं ऐकलं होतं."

तेजरामला हसू आलं नाही. तो रागानं आरसे खोलत होता.

उरला शेवटचा उपाय, आणि सगळ्यात गरीब उपाय. एकच कॅमेरा. आपला रोजचा, भरवशाचा, घडीचा कॅमेरा. सुताराकडून सागवानाची पाटी करून घेतली, तिच्यात खाच, खाचेत सरकणारी बैठक. एक फोटो काढायचा, कॅमेरा उजवीकडे अडीच इंच सरकवायचा, मागच्या लाल खिडकीत पुढचा आकडा येईपर्यंत फिल्म फिरवायची, आणि दुसरा फोटो काढायचा. पाटी तिपाईवर बसवली आणि तेजरामनं पहिल्यांदा विहिरीवरच्या घागरी काढल्या.

मग दुर्बिणीत पाहिलं. घागरीचं पोट गोल होतं. काठाच्या आत अंधार होता, त्या अंधाराला खोली होती. दोर घागरीवरून पुढे आला होता. त्यानं शिवणयंत्र काढलं, सायकल काढली, मोहाच्या फुलांची रास काढली. सगळं जमलं. या एका आठवड्यात त्याच्याशी बोलायला कोणाला भीती वाटत नव्हती.

पण घागरी किती दिवस काढणार? त्याला माणसं हवी होती. आणि माणूस म्हटला की हलतो. दोन फोटोंच्या मधल्या वेळात कोणी श्वास घेई, कोणी पापणी पाडी, कोणाच्या पदराला वारा लागे. दुर्बिणीत त्या जागी नुसतं लुकलुकत असे, डोळ्यांत कुसळ गेल्यासारखं. तेजरामनं सुखरामच्या मानेमागे लाकडाचा टेका लावला, हात मांड्यांवर बांधल्यासारखे ठेवायला सांगितले. पहिला फोटो झाला. बैठक सरकवली. फिल्म फिरवता फिरवता समोरून आवाज आला, "झालं का?"

"बोलू नको ना बे! मातीत घातलंस सगळं!"

दुसऱ्यांदा सुखरामला शिंक आली. तिसऱ्यांदा तो काहीच बोलला नाही, पण न बोलण्याच्या प्रयत्नात त्याचे खांदे हसू लागले, आणि दुसरा खटका त्यावरच पडला.

"जा तू," तेजराम म्हणाला. "तुझ्यानं होत नाही. तुझ्यापेक्षा घागर बरी."

सुखराम उठला. टेका बाजूला ठेवला. "मी का तुझा नोकर हाय?" तो म्हणाला. "हौसेनं येतो तं हे." आणि आपल्या गाळ्यात जाऊन यंत्र चालवायला लागला. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलेनात. भिंतीपलीकडून यंत्राचा आवाज यायचा, तेवढाच.

चैत्रात सुखरामला ताप भरला. पहिल्या दिवशी लोक म्हणाले ऊन लागलं असेल. विमलाबाई रोज पेज घेऊन जायची आणि येऊन नवऱ्याला सांगायची, "जाऊन या ना एकदा." तेजराम म्हणायचा, "उद्या जातो." तो उद्या जाणारच होता. पण आठवडाही झाला नव्हता, आणि एका दुपारी भिंतीपलीकडे मैनाबाईनं हंबरडा फोडला.

तासाभरानं सुखरामचा भाऊ नथ्थू दारात आला. तो कटंगीहून निघाला होता आणि भाऊ जिवंत असताना पोचला नव्हता. "भाऊ, एक शेवटचा फोटू काढा. सगळे सोबत. वयनी म्हणते."

तेजराम तिपाई उचलून गेला. पाटी तिच्यावर तशीच होती, काढायचं भान राहिलं नव्हतं. सुखरामला अंगणात घोंगडीवर ठेवलं होतं, गळ्यात झेंडूचा हार, कपाळाला गंध. नातेवाईक दोन्ही बाजूंना बसले. तेजरामनं फोटो काढला. सवयीनं त्याचा हात बैठकीकडे गेला, बैठक सरकली, बोटांनी फिल्म फिरवली. आपण काय करतोय ते त्याला कळलं तेव्हा दुसरा खटका पडून गेला होता. कोणी पाहिलं नाही. सगळे रडत होते.

फिल्म धुताना तो स्वतःला सांगत होता की दुसरी निगेटिव्ह टाकून द्यायची. पण टाकली नाही. दोन्हींचे फोटो छापून त्यानं पुठ्ठ्यावर लावले आणि दुर्बिणीत घातले. बाजूची माणसं लुकलुकत होती, कोणाचं डोकं दोन ठिकाणी, कोणाचा हात धुरासारखा. मधोमध सुखराम होता. नाकाची उंची, मिशीचा केस न केस, हाराचं एक फूल कानाशी टेकलेलं, गालावर आलेली दाढी. काहीही हललं नव्हतं. इतक्या महिन्यांत माणसाचा असा फोटो पहिल्यांदाच आला होता.

तेजरामनं दुर्बीण टेबलावर ठेवली आणि टेबलालाच लाथ मारली.

दिवसकार्य झाल्यावर मैनाबाई आणि नथ्थू फोटो न्यायला आले. तेजरामनं साधा फोटो काढून ठेवला होता. पण नथ्थूला टेबलावरची दुर्बीण दिसली. त्यानं सहज उचलून डोळ्यांना लावली आणि "अरे बापा," म्हणून खालीच बसला. मग मैनाबाईनं मागितली. तेजरामनं विमलाबाईकडे पाहिलं. तिनं मान हलवली, नको म्हणून, पण उशीर झाला होता.

मैनाबाईनं पाहिलं. एक हात तिनं पुढे केला आणि हवेत काहीतरी नीट केलं, पांघरूण सारखं करतात तसं. मग दुर्बीण खाली घेतली.

"हे तुमच्याचपाशी ठेवा," ती म्हणाली. "असे चुपचाप नाही पडत हे कधी. मले दुसरा द्या. तुमी बोंबलत होते न त्यायच्यावर, त्यातला एखादा."

तेजरामनं जुन्या फिल्म काढल्या आणि खांदे हसतानाचा एक फोटो मोठा करून दिला. एकच, साधा, एका डोळ्याचा. त्याबद्दल काही घ्यायचं त्याच्या मनातही आलं नाही. सुखरामशी अबोला कसा धरला ते त्याला तिला सांगायचं होतं, पण तो फोटोला कागद गुंडाळत राहिला. आणि सांगण्यासारखं होतं तरी काय, भिंत तर एकच होती, तिलाही सगळं ऐकू गेलंच असणार.

इकडे नथ्थूनं कटंगीच्या बाजारात सगळ्यांना सांगितलं, माझा भाऊ फोटोत असा दिसतो की हात लावावासा वाटते. पावसाळा लागेपर्यंत ही गोष्ट गावोगाव पोचली. लोक येऊ लागले. कोणाची आजी गेली होती, कोणाचा मामा. "तो दोन डोळ्याचा फोटू काढून द्या." तेजराम नाही म्हणायचा, ओरडायचा, पण दुःखातल्या माणसावर किती ओरडणार? दोनदा त्याला जावंच लागलं. आणि जिवंत माणसांनी त्याच्या पाटीकडे पाहणं सोडलं. एका लग्नात नवरीच्या आत्यानं तिपाई पाहिली आणि मांडवातच अडवलं, "ती सरकती फळी आणू नका बापा. मेलेल्यायची हाय ते." कटंगीकडे खडी गंमत, म्हणजे तमाशासारखा नाच, करणारा एक फड होता. त्यातले नाचे आणि ढोलकीवाला पुतळ्यासारखे उभे राहून फोटो देणार होते. चार दिवस सराव करून उभं राहायला ते शिकलेही होते. त्यांच्या शाहिराचा निरोप आला, आमाले अजून नाचाचं हाय.

तेजरामनं पाटी फळीवर ठेवून दिली. "ते दुर्बीण मले साहेबाच्या बंगल्यातून घरी आणाचंच नव्हतं," तो म्हणाला.

"तुमी चिडता काहून? लोकायले आवडलं तरी चिडता, नाही आवडलं तरी चिडता," विमलाबाई म्हणाली.

"मले जित्ते पाह्यजे होते वो. जित्ते!"

भाद्रपद संपता संपता लांजीहून शालिकराम नावाचा माणूस आला. चांगली धानाची शेती असलेलं घर दिसत होतं. डोळे लाल, चेहरा ओढलेला. "आमच्या बाबूजीचा फोटू काढाचा हाय. तोच, तुमचा. आत्ताच चला, बस उभी हाय."

तेजराम नाहीच म्हणणार होता. विमलाबाईनं पाटी खाली काढून त्याच्या हातात दिली. "दुःखात बोलवाले आलेल्या माणसाले नाही म्हणू नये. जा."

बस लांजीला पोचली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. वाड्यात रडण्याचा आवाज नव्हता. अंगणात खाटेवर एक म्हातारा पडला होता, उशीला टेकून, पांढऱ्या दाढीचा, हाडांचा सापळा. त्याचे डोळे उघडे होते आणि ते तेजरामवर होते.

तेजरामनं शालिकरामला बाजूला ओढलं. "हे तं..."

"डॉक्टरनं सांगतलं, आज नाही तं उद्या," शालिकराम कुजबुजला. "मंग बस भेटते न भेटते. म्हणून तुमाले आधीच आणून ठेवलं. राहा ना, जेवण-खाण सगळं करतो."

तेजरामच्या कानांतून जाळ निघाला. "म्हणजे मी इथं बसून वाट पाहू?"

"हळू बोला ना भाऊ."

"कोण हाय रे?" खाटेवरून आवाज आला. म्हाताऱ्याचं नाव खेमराज. आवाज बारीक होता, पण त्यात हुकूम होता. "शालिक, कोणाले आणलं?"

"फोटूवाला हाय बाबूजी."

"आता फोटू काहून?"

 सुनांनी पदर पुढे ओढले. तेजरामला वाटलं, इथं एक जरी शब्द खोटा बोललो तर स्वतःची लाज वाटेल. तो खाटेजवळ गेला. "बुवा, तुमी गेल्यावर फोटू काढाले मले आणलं. मले ठाऊक नव्हतं. मी चाललो वापस."

 खेमराज आभाळाकडे पाहत राहिला. मग त्याच्या छातीत घरघर झाली. सगळे धावले, पण तो हसत होता.

"गेल्यावर मी कसा दिसतो ते मी कसा पाहू?" तो म्हणाला. "आत्ता काढ."

"बुवा, ह्या कॅमेऱ्याचं असं हाय, दोनदा काढा लागते. मधात हलाचं नाही. जित्त्या माणसानं होत नाही ते."

"तुले कोणी सांगतलं होत नाही? जंगलात मचानावर बसलोय मी, वाघासाठी, सकाळवरी. मले उठवा रे."

त्याला उठवलं. भिंतीला टेकून बसवलं, पाठीमागे तक्क्या. त्यानं स्वतःच पागोटं मागितलं, स्वतःच सारखं केलं. तेजरामनं पाटी तिपाईवर आदळूनच बसवली. राग अजून उतरला नव्हता. हाही फोटो वाया जाणार, त्याला वाटत होतं. खोकेल. पापणी पडेल. मान कलंडेल. आणि मग आपण परत जाऊन पाटी चुलीत घालू.

पहिला खटका पडला. बैठक सरकवली. लाल खिडकीत आकडा हळूहळू येत होता, आणि तेजरामनं वर पाहिलं नाही, पाहण्याची हिंमत झाली नाही. दुसरा खटका पडला.

"झालं बुवा."

खेमराजनं तेव्हा श्वास सोडला आणि मग मात्र तो इतका खोकला की सुनांना पाणी घेऊन धावावं लागलं. शालिकरामनं तेजरामला बसस्टँडवर सोडलं.

फोटो आला. आजूबाजूच्या कोंबड्या लुकलुकत होत्या, पण म्हातारा दगडासारखा होता, आणि तरी दगड नव्हता. त्याचे डोळे दुर्बिणीतून सरळ बाहेर पाहत होते. तेजरामनं तो पुठ्ठा विमलाबाईला दाखवला, स्टेशनमास्तरला दाखवला, चहावाल्याला दाखवला. मैनाबाईलाही हाक मारली. ती काजं ठेवून आली, पाहिलं, आणि म्हणाली, "हा रागावते पाहा आता." मग पुन्हा पाहिलं. सुखराम गेल्यापासून तिनं तेजरामला प्रथमच विचारलं, जेवले का म्हणून.

लांजीहून म्हातारा गेल्याची बातमी रोज येईल असं तेजरामला वाटत होतं. ती आली नाही. दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी बसस्टँडकडून सायकलरिक्षा आली आणि तिच्यातून खेमराज उतरला, काठी टेकत, शालिकरामच्या खांद्यावर हात ठेवून. अंगावर थोडं मांसही आलं होतं.

"दाखव," तो म्हणाला.

तेजरामनं खुर्ची दिली, दुर्बीण हातात दिली, पट्टी पुढेमागे सरकवून नजर जुळवून दिली. म्हातारा पाहायला लागला. पाहतच राहिला. दुकानात गिऱ्हाईकं होती, तीही जवळ सरकली. विमलाबाई दारात आली.  इतक्या दिवसांची आदळआपट, सगळी या एका माणसाच्या तोंडून निघणाऱ्या शब्दासाठी थांबली होती.

खेमराजनं दुर्बीण खाली केली. "शालिक," तो म्हणाला, "माझ्या मांगच्या भिताडाले एवढी मोठी भेग पडली, तुमी मले सांगतलं नाही?"

"कोणती भेग बाबूजी?"

"पाह्य. आत हात जाईल अशी भेग हाय. खाटेवर पडलो तं घर सोडून देलं का पोट्टेहो? चाल. मिस्त्री पाहाचा हाय आजच."

आणि तो उठला. फोटोबद्दल अवाक्षर नाही. दारातून वळून तेवढं म्हणाला, "चांगलं यंत्र हाय तुझं." आणि रिक्षात बसून गेलासुद्धा.

तेजराम हात लोंबकळत उभा राहिला. "भिताड पाह्यलं," तो म्हणाला. "एवढं सगळं केलं, आणि यानं भिताड पाह्यलं!"

विमलाबाई हसू दाबत होती. तिला ते फार वेळ दाबता आलं नाही.

तेजरामनं चिडून दुर्बीण डोळ्यांना लावली. खरंच, पागोट्याच्या मागे, तुळईपासून खाली, भिंत फाटली होती. भेगेला दोन ओठ होते आणि आत अंधार होता. महिनाभर तो हा फोटो लोकांना दाखवत होता, आणि त्याला ती दिसली नव्हती.

गिऱ्हाईकांपैकी एक बाई, लेकाला घेऊन फोटो काढायला आलेली, पुढे झाली. "आमचाही असाच काढता का भाऊ? जित्त्यायचा काढता ना?"

"काढतो," तेजराम म्हणाला. "पण हलाचं नाही. आधी सांगून ठेवतो. हलले तं मी बोंबलतो."

"बसू न आमी चुपचाप."

त्यानं पाटी पुसली, कॅमेरा बसवला, दोघांना पडद्यापुढे बसवलं. लेकाची मान सरळ केली, बाईचा पदर चापून घेतला. पहिला खटका पडला. बैठक सरकवून तो फिल्म फिरवायला लागला, आणि लाल खिडकीत आकडा येण्याच्या आत लेकानं नाकात बोट घातलं.

तेजरामनं डोळे मिटून घेतले. विमलाबाई आतून चहा टाकायला वळली. पण तो ओरडला नाही. त्यानं एक लांब श्वास घेतला, बैठक परत डावीकडे आणली, आणि म्हणाला, "पुन्हा."